त्वचेतली पेशी दात्याची की रुग्णाची?

अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर रक्ताचा कायमेरिझम रिपोर्ट (रक्तातल्या किती पेशी दात्याच्या, किती रुग्णाच्या हे सांगणारा) शंभर टक्के दात्याचा आला म्हणून त्वचाही तशीच असेल, असं धरून चालू नकोस. रुग्णाच्या स्वतःच्या टी-पेशी आणि लँगरहान्स पेशी (दोन्ही रोगप्रतिकारक पेशी) प्रत्यारोपणानंतरही त्वचेत बराच काळ तग धरू शकतात. मला या कामाचा हाच सगळ्यात मोलाचा भाग वाटतो.

सुरुवात दाता पुरुष, रुग्ण स्त्री अशा जोडीपासून कर. फिशमध्ये (गुणसूत्रं चमकवून दाखवणाऱ्या चाचणीत) वाय, म्हणजे पुरुषांतलं गुणसूत्र, दिसला की पेशी जवळपास नक्की दात्याची. उलट जोडीत, म्हणजे दाता स्त्री आणि रुग्ण पुरुष असताना, घोळ होतो. चार-पाच मायक्रॉनच्या छेदात केंद्रक अर्धवट कापलं जातं, वाय निसटतो आणि रुग्णाचीच पेशी दात्याची भासते. तेव्हा त्याच स्लाइडवरच्या केराटिनोसाइट्स (त्वचेच्या वरच्या थरातल्या मुख्य पेशी) मोज. त्या रुग्णाच्या असतात, त्यामुळे त्यांतल्या किती टक्क्यांत वाय दिसतो, तोच तुझा मापदंड. त्याआधी एकही आकडा वहीत लिहू नकोस, बाळा.

सीडी३चं (टी-पेशीची खूण असलेल्या प्रथिनाचं) रंगीत कडं नेमकं त्याच केंद्रकाभोवती आहे ना, हे फोकस वरखाली करून बघ.

फ्लो सायटोमेट्रीसाठी (सुट्या पेशी एकेक करून तपासण्यासाठी) बायोप्सी ताजीच हवी. नागपुरात मे महिन्यात ती पेशी जिवंत ठेवणाऱ्या द्रव माध्यमात बुडवून, बर्फाच्या डब्यातूनच आण. मेडिकल चौकातल्या सिग्नलवरचं ऊनही पेशी मरायला पुरतं.