फ्लॉरेन्सला निघण्याआधी काय वाचावं?

प्रश्न : मे महिन्यात आम्ही दोघं इटलीला चाललोय, त्यातले चार दिवस फ्लॉरेन्समध्ये. हाताशी दोन महिने आहेत. इतिहास आणि कादंबऱ्यांपैकी नेमकं काय वाचावं?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : अख्ख्या इटलीचा इतिहास हाती घेऊ नका. रोमन काळातच महिना सरतो आणि फ्लॉरेन्स राहून जातं. फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्यावरचं क्रिस्टोफर हिबर्ट यांचं इंग्रजी पुस्तक (१९७४) आधी वाचा. कोसिमो, लोरेन्झो, पिएरो ही नावं पिढ्यान्‌पिढ्या परत येतात, तेव्हा वहीत वंशावळ काढत चला.

मग कादंबरी. जॉर्ज इलियटची ‘रोमोला’ १४९० च्या दशकात घडते. सुरुवात जड, पण सव्होनारोला हा कडवा धर्मोपदेशक तीत भेटतो. त्याला १४९८ मध्ये जिथे फाशी देऊन जाळलं, ती सिन्योरिया चौकातली जागा फरशीतल्या गोल दगडावरून ओळखता येते. वेळ कमी पडला, तर फॉर्स्टरची ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ (१९०८) घ्या. मात्र तिच्यात इंग्रज प्रवासीच जास्त दिसतात.

कोल्हापूरकरांनी तर एक पुस्तक चुकवूच नये. छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) युरोपहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सलाच वारले. त्यांची प्रवासातली रोजनिशी सोबतचे ब्रिटिश अधिकारी कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ मध्ये छापली. इंग्रजी सोपं आहे. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे अंत्यसंस्कार झाले. तिथेच, काशिने उद्यानाच्या पश्चिम टोकाला, छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे. मुख्य वस्तीपासून तो लांब असल्याने अर्धा दिवस राखून ठेवा.