फारशा परिचित नसलेल्या कलाकृतींच्या कट्टर चाहत्यांमुळे नुकसान काय होते?

एखादे विस्मरणात गेलेले गाणे किंवा पडलेला चित्रपट मूठभर लोकांनी जिवापाड जपला तर त्यात वाईट काय, असे कोणी विचारेल. जपण्यात काहीच वाईट नाही. माझा आक्षेप त्यापुढच्या टप्प्याला आहे, कारण तेथे जपणारेच हळूहळू मालक होऊन बसतात.

१९८४ च्या सुमारास जर्मनीतल्या एका किशोरवयीन मुलाने एनडीआर या रेडिओ केंद्रावरून कॅसेटवर उतरवून घेतलेले एक गाणे, ते कोणाचे हे ठाऊक नसतानाच, २००७ मध्ये इंटरनेटवर आले आणि २०१९ नंतर जगभरचे लोक त्याच्या मागे लागले. शब्द धड ऐकू येत नसल्यामुळे कानाला जसे लागले तसे ‘लाइक द विंड’ हे नाव त्याला देण्यात आले. त्यातला सिंथेसायझर (इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड वाद्य) यामाहाचा डीएक्स-७ असावा, तो १९८३ मध्ये बाजारात आला, म्हणून गाणे त्याआधीचे असू शकत नाही, इतक्या बारकाईने तर्क लढवले गेले. हा खटाटोप मला मनापासून आवडतो. मात्र त्याच उत्साहात, त्या काळी वाजवणाऱ्या आणि आता साठीत पोहोचलेल्या अनेक अनोळखी माणसांना तोच तो प्रश्न विचारून भंडावून सोडले गेले, आणि गाण्यावर भलताच हक्क सांगणारेही पुढे आले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये उलगडा झाला: कील शहरातल्या फेक्स या बँडचे ते ‘सबवेज ऑफ युवर माइंड’ होते. गाणे चांगलेच आहे. तरीही त्या वर्षांतल्या जर्मन न्यू वेव्ह संगीतात (त्या काळच्या रॉक-पॉपची एक शैली) त्याच्या तोडीची गाणी भरपूर सापडतील, आणि त्यांना एवढे श्रोते मिळाले नाहीत याचे एक कारण, माझ्या मते, इतकेच की त्यांच्या वेष्टनावर वादकांची नावे स्वच्छ छापलेली होती. कोड्याचे आकर्षण आणि गाण्याची गोडी यांत फरक करणे चाहत्यांना जमत नाही. मग गाण्याचे मोजमाप शोधाच्या लांबीवरून होऊ लागते.

चित्रपटांत हेच अधिक उघडपणे दिसते. दिग्दर्शक टॉमी वायसो यांचा ‘द रूम’ २००३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये लागला, तेव्हा त्याची जाहिरात अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्स यांचे नाव घेऊन, गंभीर नाट्य म्हणून केली गेली होती. तो आपटला, पुढे मध्यरात्रीच्या खेळांना गर्दी लोटू लागली. पडद्यावर चौकटीतल्या चमच्याचे छायाचित्र दिसले की प्रेक्षक प्लास्टिकचे चमचे भिरकावतात, ठरलेले शेरे ठरलेल्या जागी ओरडतात, आणि त्यांतले बरेचसे नायिकेच्या वाट्याला येतात. पहिल्यांदाच आलेल्या माणसाला संवाद ऐकू येत नाहीत, मग चित्रपट वाईट का आहे हे तो स्वतः कसे ठरवणार? इतरांचे हसणे त्याला आयते मिळते, एवढेच. खुद्द वायसोदेखील नंतर आपली कलाकृती ‘ब्लॅक कॉमेडी’, म्हणजे गंभीर विषयावरचा जाणूनबुजून केलेला विनोद, असल्याचे सांगू लागले. मला हे सर्वांत मोठे नुकसान वाटते: दिग्दर्शकाने जे मनापासून केले होते, ते प्रेक्षकांच्या हशापुढे त्यालाच नाकारावे लागले.

म्हणून ‘द रूम’ पाहायचाच असेल तर आधी घरी, एकट्याने आणि शेवटपर्यंत पाहावा. चमचे घेऊन नंतर कधीही जाता येईल.