सकाळी अकराचा फोन

‘रात्रपाळी लागल्यापासून झोप येत नाही, कामात चुका होतात, असंच चाललं तर सुपरवायझर कधी होणार?’ भिवंडी पट्ट्यातल्या गोडाऊनमध्ये नव्यानं लागलेली मुलं माझ्याकडे सल्ल्याला आली, की हे सगळं एका दमात विचारतात. महेशनंही (नाव बदललं आहे) तसंच विचारलं. वय चोवीस, गाव बीड जिल्ह्यातलं, बीए झालेला. रात्री दहा ते सकाळी सात पिकिंगचं काम. हातात स्कॅनर, रॅकवरून माल काढायचा, तासाचं टार्गेट गाठायचं. त्याच्या चुका पहाटे तीननंतरच्या होत्या. त्यात नवल नव्हतं. तीन ते पाचच्या सुमारास शरीराचं तापमान उतरलेलं असतं, डोकंही मंद चालतं. जुने कामगारसुद्धा तेव्हा अडखळतात. त्यानं मात्र ‘आपली लायकीच नाही’ असा निष्कर्ष काढून टाकला होता.

आठवडाभर झोपेची नोंद ठेवायला सांगितली. आठला खोलीवर, दहापर्यंत मोबाइल, डोळा लागतो न लागतो तोच अकराला आईचा फोन. रोज.

‘आईला सांग ना, या वेळी झोपलेलो असतो म्हणून.’

तो गप्प. मग म्हणाला, ‘मॅडम, घरी सांगितलंय, कंपनीत ऑफिसचं काम आहे. दिवसाचं.’

आईबाप ऊसतोडीला जाऊन शिकवतात आणि बीए झालेला पोरगा रात्रभर खोकी उचलतो, हे सांगायला जीभ रेटत नव्हती. सुपरवायझर व्हायची घाई कुठून आली, ते मला इथे कळलं. बढती मिळाली असती, तर घरी सांगितलेलं खोटं आपोआप खरं झालं असतं. पगाराचा भाग होताच, पण दुय्यम. झोपेचे उपाय मी पहिल्याच भेटीत सांगू शकले असते, पण तो फोन वाजत राहिला असता.

दोन भेटी याच विषयावर गेल्या. त्यानं आधी बहिणीला सांगितलं, मग आईला. आई रडली नाही, रागावलीही नाही. ‘मग जेवतोस कधी?’ एवढंच तिनं विचारलं. आता फोन संध्याकाळी पाचला येतो.

बाकीचं सोपं होतं. सुटल्यावर उन्हात रेंगाळायचं नाही, टोपी आणि काळा गॉगल लावायचा, खिडकीला जाड चादर. चहा रात्री दोनपर्यंतच, कारण पाच-सहा तासांनीही त्यातलं साधारण निम्मं कॅफिन अंगात असतं. सुट्टीच्या रात्री दहालाच आडवं व्हायचं नाही, तीन-चारपर्यंत जागायचं, म्हणजे घडी पूर्ण मोडत नाही. खोलीतले बाकीचे दिवसपाळीवाले असल्यानं दुपारी शांतता मिळाली, हे त्याचं नशीब. सगळ्यांना ती मिळत नाही.

बढतीबद्दल मी एकच गृहपाठ दिला: शिफ्ट इन्चार्जला सरळ विचार. कंत्राटदाराच्या रोलवरचा माणूस कंपनीच्या रोलवर कसा जातो, एखाद्याला टीम लीड नेमताना काय बघतात? उत्तर आलं: हजेरी, चुकांचं प्रमाण आणि एक्सेल येतं का. एमएससीआयटीचं सर्टिफिकेट ट्रंकेत पडून होतं! त्यानं स्टॉक मोजणीच्या रात्री स्वतःहून मागून घेतल्या. सिस्टीममध्ये दाखवलेला माल रॅकवर का सापडत नाही, हे शोधणारा माणूस इन्चार्जच्या लक्षात राहतो. पिकिंगचा वेग तसा पुष्कळांकडे असतो. शिवाय यूएएन (पीएफचा खातेक्रमांक) टाकून पीएफचं पासबुक बघायला लावलं. पगारातून कापलेले पैसे खात्यात जमा होत नसतील, तर त्या कंत्राटदाराकडे बढतीची वाट बघण्यात अर्थ नाही.

महेश अजून पिकरच आहे. मोजणीच्या रात्री त्याच्याकडे नियमित येतात, चुका उतरल्या आहेत. दिवाळीनंतर पुन्हा विचारायचं असं त्यानं ठरवलंय. तेव्हाही ‘बघू’ असंच उत्तर मिळालं, तर चाकणकडे अर्ज टाकणार आहे.

फिट्स येत असतील किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, त्यांनी मात्र रात्रपाळी स्वीकारण्याआधी डॉक्टरांना विचारावं. पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापला जात असेल, तर ईएसआयच्या दवाखान्यात तपासणी होते.