महागड्या जिमचं सदस्यत्व घेताय? आधी पाहुणे म्हणून जा

गेस्ट पास मिळाला की लोक दुपारी निवांत वेळी जाऊन येतात आणि भारावून पैसे भरतात. तसं करू नका. ज्या वेळेला तुम्ही रोज जाणार, त्याच वेळेला जा. संध्याकाळी सात वाजता स्क्वॉट रॅकसाठी (खांद्यावर वजन घेऊन बैठका मारायचा स्टँड) किती जण ताटकळतात, शॉवरला गरम पाणी येतं का, लॉकर रूमची फरशी कोरडी आहे का, हे स्वतः बघा. झुंबर आणि सुगंधी टॉवेल नंतर. मला विचाराल तर जिमची खरी पत लॉकर रूममध्येच कळते.

तिथल्या सदस्यांशी दोन शब्द बोला. ट्रेनर सारखे बदलतात का, बंद पडलेलं मशीन किती दिवसांत दुरुस्त होतं, हे तेच खरं सांगतील.

करार घरी आणून वाचा. रद्द करायला किती दिवस आधी लेखी कळवायचं, आजारपणात सदस्यत्व थांबवता येतं का, आपोआप नूतनीकरण होतं का? सेल्सवाल्याने तोंडी दिलेली सवलत कागदावर नसेल तर ती धरूच नका.

जिममधला सॉना, म्हणजे घाम काढायची गरम खोली, साधारण ७० ते ९० अंश सेल्सिअसवर असतो, म्हणून सुरुवातीला पाच-दहा मिनिटं पुरे. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बेंचवर टॉवेल अंथरा, वजनं जागेवर ठेवा. आणि पाहुणा नेलात तर त्यालाही हे आधीच सांगून ठेवा, कारण त्याच्या वागण्याची जबाबदारी बहुतेक ठिकाणी तुमच्यावरच येते.