कडता वेगळ्या रकान्यात

प्रिय पोरी,

तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो. विश्वाच्या विस्ताराचा दर काढायच्या तुझ्या हिशेबात दोन दीर्घिका बाकीच्यांशी जुळत नाहीत, मार्गदर्शक म्हणतात काढून टाक, आणि काढल्या की आकडा सगळ्यांना हवा तसा येतो. 'सर, काढू का?' विचारलंस, मग रडलीस, मग म्हणालीस बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरते. फॉर्मचं नंतर बघू.

माझे वडील चाळीसगावला कापूस विकायला न्यायचे. व्यापारी ओल धरून, माती धरून कडता, म्हणजे वजनातली घट, कापायचा. वडिलांच्या वहीत दोन रकाने असायचे. पहिल्यात काट्यानं दाखवलं ते वजन, दुसऱ्यात कडता. वजाबाकी करून एकच आकडा त्यांनी कधी लिहिला नाही. कडत्यावरून पुढच्या बाजारी भांडता येतं. मूळ वजनच लिहिलेलं नसेल तर भांडणार कशावर? मी वेधशाळेत काम करायला गेलो तो हीच वही डोक्यात घेऊन. दिसलं ते आधी लिही, कडता वेगळ्या रकान्यात.

ऑक्टोबर 1923 मधली खगोलशास्त्रज्ञ हबलची देवयानी दीर्घिकेच्या छायाचित्राची काच तू चित्रात पाहिली आहेस. एका ठिपक्यापाशी नवतारा, म्हणजे एकाएकी उजळलेला तारा, समजून त्यानं 'एन' लिहिलं होतं. तो तारा रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणारा, निघाला, तेव्हा 'एन'वर काट मारून शेजारी 'व्हार!' लिहिलं. आज शंभर वर्षांनीही काटेखालचं ते 'एन' वाचता येतं. त्यानं काच फेकली नाही. 1929 मध्ये त्याचा विश्वाच्या विस्ताराचा दर आला दर मेगापार्सेकला (हे अंतराचं माप) सेकंदाला सुमारे 500 किलोमीटर, आजच्या सातपट. 1952 मध्ये बाडे या खगोलशास्त्रज्ञानं दाखवलं की सेफीड, म्हणजे ज्यांच्यावरून अंतर मोजतात ते रूपविकारी तारे, दोन जातींचे असतात, आणि अंतरं एकदम दुप्पट झाली. ताऱ्यांचं दिसलेलं तेज आणि आवर्तकाळ जसेच्या तसे नोंदलेले होते, म्हणून हिशेब पुन्हा मांडता आला. चुकला होता तो कडता.

आणि धूळ! आपल्या धंद्यातला सगळ्यात मोठा कडता धुळीचाच. 2014 च्या मार्चमध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-2 दुर्बिणीच्या लोकांनी विश्वारंभीच्या गुरुत्वीय लहरींची खूण सापडल्याचं जाहीर केलं. वर्षभरात प्लँक उपग्रहाच्या मोजणीशी ताडून पाहिलं, तर त्यात आपल्याच आकाशगंगेच्या धुळीचा वाटा मोठा निघाला. तुझ्या त्या दोन दीर्घिकांतही धूळ असेल, ताऱ्यांची दाटी असेल, किंवा काही नसेलही. ते शोधायला महिने लागतील. लागू देत.

आता माझं ऐक. मी तुझ्याएवढाच होतो. एका अतिनवताऱ्याच्या, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याच्या, तीन रात्रींच्या नोंदी तेजाच्या वक्रावर बसेनात. मी त्या तक्त्यातून काढल्या आणि कारणाच्या जागी लिहिलं, 'ढग'. आकाश निरभ्र होतं. डिसेंबरची थंडी होती, घुमटात बोटं बधिर झाली होती, आणि वर मृग लखलखत होता, अजून डोळ्यांपुढे आहे. निबंध छापून आला, कौतुक झालं. बारा वर्षांनी परगावच्या एका मुलानं मूळ नोंदी मागितल्या. टेप पुसून दुसऱ्या कामाला वापरलेल्या. त्याला काय कळवू? त्या तीन रात्री खऱ्या होत्या की माझी चूक होती, हे आता कुणालाच कधी कळणार नाही.

त्यानंतर मी कुठल्याच कच्च्या नोंदीला हात लावू दिला नाही. दुरुस्ती आतल्या आत मिसळलेल्या एका निबंधावरून माझं नाव काढून घेतलं. बढती सहा वर्षं अडली, दोन जवळचे मित्र तुटले. हेकट म्हणतात मला. म्हणू देत. त्या निबंधाची आकडेमोड आज पुन्हा करायची म्हटली तर कुणाला करता येईल, सांग? मी बरोबरच होतो.

आज विस्ताराचा दर प्लँकवरून 67.4 येतो, सेफीड-अतिनवताऱ्यांवरून 73 च्या आसपास. मधलं काय चुकतंय ते कुणालाच ठाऊक नाही, आणि तू त्यातल्याच दोन दीर्घिका गाळायला निघालीस? मला राग येतो तो याचा. अगं, आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या शिलालेखात चांगदेव या नातवानं गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला ते कोरलं आहे, आणि त्या मठाला कुठल्या मालावरचं किती उत्पन्न लावून दिलं तेही. आठशे वर्षं झाली, अजून वाचता येतं.

दोन्ही दीर्घिका तक्त्यात ठेव. निकाल दोन्ही प्रकारे काढ, त्यांच्यासह आणि त्यांच्याशिवाय, आणि मार्गदर्शकांना दोन्ही दाखव. आवाज चढवू नकोस, पण पान फाडू नकोस. दिवाळीत घरी येशील तेव्हा मूळ प्रतिमा ड्राइव्हवर घेऊन ये. काकू भरीत-पुरी करणार आहे. जेवण झालं की एकेक तारा बघायला बसू, रात्र मोठी असते तेव्हा.

तुझा,
सर