'गेट' या एका इंग्रजी क्रियापदाचे इतके अर्थ का आहेत, आणि वाक्यात नेमका कोणता अर्थ आहे हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा आहे की शब्दकोशात 'गेट'चे अर्थ संपता संपत नाहीत, तर ते सगळे पाठ करायचे का? (दरवाजा या अर्थाचा 'गेट' वेगळा. आपल्या लिपीत दोन्ही सारखेच दिसतात, पण क्रियापदातला 'गे' आखूड आणि दरवाजातला लांब उच्चारतात.)

पाठ करू नका. मराठीतलं 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, निकाल लागतो, डोळा लागतो, गाडी फलाटाला लागते, घाटात तीच गाडी आपल्याला लागते, आणि एखादी बाई नात्याने आपली मावशी लागते. यातला एकही अर्थ आपण घोकलेला नाही. शेजारचा शब्द ऐकला की अर्थ आपोआप ठरतो. 'लागणे'च्या मुळाशी संस्कृत 'लग्' आहे, म्हणजे चिकटणे. 'गेट'च्या मुळाशी आहे धरणे, मिळवणे. स्कँडिनेव्हियातून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात येऊन वसलेल्या लोकांच्या बोलीतून तो इंग्रजीत आला. त्याचाच एक भाऊबंद इंग्रजीत आधीपासून होता, तो 'फरगेट'मध्ये दिसतो: धरलेलं सुटलं, म्हणजे विसरलं. वस्तू हाती येते तशी जागा गाठली जाते आणि तशीच एखादी अवस्थाही येते. या तीन पायऱ्या ध्यानात ठेवल्या की पुढचं सोपं होतं. आता 'गेट'च्या लगेच पुढे काय आलंय ते बघायचं.

पुढे नाम असेल तर मिळणे, आणणे, विकत घेणे, पकडणे किंवा समजणे. 'आय गॉट अ लेटर' म्हणजे पत्र आलं, 'गेट मिल्क' म्हणजे दूध घेऊन ये, 'गेट द बस' म्हणजे बस पकड, 'डिड यू गेट द जोक?' म्हणजे विनोद कळला का. आधी माणूस आणि मग वस्तू अशी दोन नामं किंवा सर्वनामं आली, 'गेट मी अ चेअर', तर सरळ 'आणून दे'. मराठी माणसाची खरी चूक या गटात होते, कारण आपण 'होणे' आणि 'येणे' दोन्हीकडे 'गेट' घालतो. 'तिला मुलगा झाला' हे 'शी गॉट अ सन' नव्हे, 'शी हॅड अ सन'. 'झोप येत नाहीये' हे 'आय ॲम नॉट गेटिंग स्लीप' नव्हे, 'आय कान्ट स्लीप'. मात्र 'गेट सम स्लीप', म्हणजे जरा झोप घे, हे अगदी बरोबर. डोकं दुखत असेल तर 'आय हॅव अ हेडेक'. 'आय ॲम गेटिंग अ हेडेक' म्हणजे डोकं दुखायला लागलंय, अजून पुरतं चढलेलं नाही. आणि 'आय ॲम नॉट गेटिंग यू' भारतात चालून जातं, पण समजणे या अर्थी 'गेट'ला सहसा 'इंग' लावत नाहीत. 'आय डोन्ट गेट इट' म्हणा.

पुढे विशेषण असेल तर अर्थ 'होणे', म्हणजे अवस्था बदलणे. गेट टायर्ड म्हणजे थकणे, गेट वेट म्हणजे भिजणे, गेट अँग्री म्हणजे रागावणे, 'इट्स गेटिंग डार्क' म्हणजे अंधार पडतोय. इथे 'बी'शी फरक पक्का करून घ्या. 'शी इज मॅरिड' ही स्थिती, तिचं लग्न झालेलं आहे. 'शी गॉट मॅरिड इन २०१५' ही घटना. आणि आपण 'त्याच्याशी लग्न' म्हणतो म्हणून जीभ 'मॅरिड विथ'कडे जाते, पण तिथे 'टू' हवं.

हा 'होणे' फक्त विशेषणासाठी आहे, नामासाठी नाही. 'तो डॉक्टर झाला' याचं कोणी 'ही गॉट अ डॉक्टर' केलं, तर ऐकणाऱ्याला कळेल की तो जाऊन डॉक्टरला घेऊन आला. नाम असेल तर 'बिकेम'. शिवाय काही बदल 'गेट'कडे जातच नाहीत: दूध नासलं की 'गो बॅड', टक्कल पडलं की 'गो बॉल्ड', दृष्टी गेली की 'गो ब्लाइंड', पानं पिवळी पडली की 'टर्न यलो'. नासणं, आंधळं होणं असे बरेचसे न परतणारे बदल 'गो'कडे जातात. ही खूण बऱ्यापैकी उपयोगी पडते, पण तिला नियम समजू नका. म्हातारं होणं परतत नाही, तरी ते 'गेट ओल्ड'च.

पुढे क्रियापदाचं तिसरं रूप आलं तर कर्मणी अर्थ येतो. 'ही गॉट ट्रान्सफर्ड', त्याची बदली झाली. 'द विंडो गॉट ब्रोकन', काच फुटली. हे बोलण्यातलं इंग्रजी. अचानक घडलेलं, नुकसानीचं किंवा नशिबाने पदरात पडलेलं काही सांगताना ते शोभतं. अहवालात, अर्जात 'वॉज ट्रान्सफर्ड' लिहा. जिथे काही घडतच नाही तिथे हा साचा चालत नाही. 'किल्ला इथून दिसतो' याचं 'गेट्स सीन' करू नका. 'कॅन बी सीन'.

आता सगळ्यांत जास्त गफलत होते तो साचा: 'गेट', मग वस्तू, मग तिसरं रूप. 'आय गॉट माय हेअर कट'. मराठीत आपण सलूनमधून आल्यावरही 'केस कापले' म्हणतो आणि त्यात काही चूक नाही. इंग्रजीत 'आय कट माय हेअर' म्हटलं की स्वतः आरशासमोर कात्री चालवली असा अर्थ होतो. दुसऱ्याकडून करून घेतलेलं काम या साच्यातच सांगायचं: गाडी दुरुस्त करून घेतली, 'आय गॉट द कार रिपेअर्ड', घराला रंग लावून घेतला, 'वी गॉट द हाउस पेंटेड'. मनातल्या मराठी वाक्यात 'करून घेतलं' बसतं का ते आधी तपासा. बसलं तर हा साचा.

वस्तूच्या जागी माणूस आला की तिसऱ्या रूपाऐवजी 'टू' आणि मूळ क्रियापद: 'आय गॉट हिम टू साइन'. सही करायला राजी केलं, गळ घातली, पटवलं. 'आय मेड हिम साइन' म्हणजे भाग पाडलं. या साच्यात 'मेक' किंवा 'हॅव' असेल तर माणसाच्या पुढे 'टू' येत नाही, 'गेट' असेल तर आलंच पाहिजे. परीक्षेत यावर गुण जातात.

'गेट'च्या लगेच पुढे 'टू' आणि क्रियापद आलं तर मराठीत त्याला हुबेहूब जोड आहे: 'आय गॉट टू मीट हर', मला तिला भेटायला मिळालं. संधी मिळाल्याचा भाव दोन्हीकडे सारखा. पण आधी 'हॅव' आलं की वाक्य उलटतं. 'आय हॅव गॉट टू मीट हर' म्हणजे तिला भेटायलाच हवं. बोलताना हे 'हॅव' गिळलं जातं आणि 'आय गॉटा गो' ऐकू येतं. तेव्हा काळ बघा: होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल बोलणं चाललंय तर मिळालं, आत्ताची घाई असेल तर जायलाच हवं.

जागा आली की पोचणे. 'गेट टू नाशिक', पण 'गेट होम', 'गेट हियर', 'गेट देअर' यांत 'टू' नाही. वाहनांबाबत आपण सगळीकडे 'उतरणे' म्हणतो, त्यामुळे बसमधूनही 'गेट डाउन' करतो. भारताबाहेर ते ऐकून माणूस खाली वाकेल, कारण तिथे त्याचा अर्थ 'झुका' किंवा 'झाडावरून, शिडीवरून खाली ये' असा आहे. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं, म्हणजे बस, रेल्वे, विमान, बोट, तिथे 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ'. ज्यात वाकून शिरून बसावं लागतं, म्हणजे कार, टॅक्सी, रिक्षा, तिथे 'गेट इन' आणि 'गेट आउट ऑफ'. सायकल आणि घोडा यांच्यावर बसतो, म्हणून पुन्हा 'ऑन' आणि 'ऑफ'.

पुढे छोटे अव्यय आले की जोडशब्द बनतो. तिथे अर्थाचे तुकडे करत बसण्यापेक्षा नेमकं मराठी क्रियापद शोधा, बहुधा ते असतंच. 'गेट थ्रू' म्हणजे फोन लागणे. 'गेट बाय' म्हणजे भागणे: एवढ्या पगारात भागतं. 'गेट अलाँग विथ' म्हणजे पटणे. 'गेट ओव्हर' म्हणजे सावरणे, आजारातून किंवा दुःखातून. 'गेट अवे विथ' भाषांतरित करताना लोक अडतात, पण आपल्याकडे अचूक शब्द आहे: पचणे. त्याला ती लबाडी पचली. 'व्हॉट आर यू गेटिंग ॲट?' म्हणजे तुमचा रोख कशाकडे आहे? असे शब्द वहीत इंग्रजी वाक्यासकट लिहा. सुटा अर्थ लिहिला तर आठवड्यात उडून जातो.

सरावासाठी इंग्रजी गोष्टीतले किंवा संवादातले वीस 'गेट' खुणा करून घ्या. प्रत्येकापुढचा शब्द कोणत्या जातीचा आहे ते लिहा, मग शेजारी एकच मराठी क्रियापद. लेखी कामात मात्र हात आखडता घ्या. कार्यालयीन पत्रात 'गेट'ऐवजी 'रिसीव्ह', 'ऑब्टेन', 'बिकम', 'अराइव्ह' यांतलं नेमकं क्रियापद वापरा.

रूपांपुरतं एक: ब्रिटिश इंग्रजीत 'गेट, गॉट, गॉट', अमेरिकेत तिसरं रूप बहुतेकदा 'गॉटन'. ते जुनंच रूप आहे, ब्रिटनमध्ये मागे पडलं आणि 'इल-गॉटन', म्हणजे वाममार्गाने मिळवलेलं, यात तेवढं उरलं. अमेरिकी माणूस दोन्ही वापरतो आणि अर्थ वेगळा ठेवतो: 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे मी गाडी घेतली. तिकडच्या नातेवाइकाचा निरोप वाचताना एवढं बघा.