‘चिंता टाका’ आणि ‘काळजी घेतो’: एका वचनातले दोन शब्द

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत वचने वाचून दाखवणाऱ्या एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात (५:७) ‘त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो’ असे वचन आहे. त्यात आधी ‘चिंता’ आणि लगेच ‘काळजी’ असे दोन शब्द का, गावात तर दोन्हींचा अर्थ एकच समजतात, असे त्या विचारतात. सभेतल्या वयस्कर बायांना ‘चिंता’ हा शब्द पुस्तकी वाटतो, म्हणून दोन्हीकडे ‘कायजी’ (‘काळजी’चे वऱ्हाडी रूप) म्हटले तर चालेल का, अशीही त्यांची पृच्छा आहे. शेवटी त्यांनी लिहिले आहे की, कापूस घरात पडून असताना आणि कर्जाचा हप्ता तोंडावर आलेला असताना चिंता होतेच, मग ‘चिंता करू नका’ ही आज्ञा मोडल्याचे पाप लागते का, असे बाया विचारतात. हा प्रश्न ताईंच्या पत्रात शेवटी आला असला तरी मला तोच मुख्य वाटतो, आणि पहिल्या प्रश्नाचा उलगडा नीट झाला तर त्याचेही उत्तर मिळते.

‘चिंता’ हा शब्द संस्कृत ‘चिन्त्’ म्हणजे विचार करणे या धातूपासून आला आहे. ‘चिंतन’ हे त्याचेच भावंड होय. वऱ्हाडात अधिक चालणारा ‘फिकीर’ हा शब्द अरबीतून आला, आणि तिथेही ‘फिक्र’चा मूळ अर्थ विचार असाच आहे. म्हणजे हे दोन्ही शब्द माणसाच्या मनातल्या, त्याच त्या जागी घोटाळणाऱ्या विचाराकडे बोट दाखवतात. ‘काळजी’चे तसे नाही. हा शब्द मराठीत दोन वाटांनी चालतो आणि कोणती वाट धरायची ते क्रियापद ठरवते. ‘काळजी करणे’ म्हणजे झुरणे, आणि ‘काळजी घेणे’ म्हणजे जपणे. लेकीला सासरी पाठवताना आई एका दमात ‘काळजी करू नको, काळजी घे’ असे म्हणते आणि कोणालाही त्यात विसंगती वाटत नाही. तेव्हा गावात दोन्ही शब्दांचा अर्थ एकच समजतात हे अर्धेच खरे आहे: ‘काळजी करणे’ आणि ‘चिंता करणे’ एक आहे, पण ‘चिंता घेणे’ असे मराठीत कोणी म्हणत नाही.

मूळ ग्रीक वचनातही दोन वेगळेच शब्द आहेत. पहिला ‘मेरिम्ना’, म्हणजे मनाला लागलेला घोर. दुसरा ‘मेलेइ’ हे क्रियापद, ज्याचा भाव ‘त्याला तुमची पडलेली आहे’ या आपल्या बोलण्यातल्या प्रयोगाने फार जवळून येतो. भाषांतरकारांनी दोन शब्दांना दोन शब्द दिले, हे त्यांनी योग्यच केले. हे दोन शब्द समोरासमोर येतात अशी आणखी एक जागा लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे, आणि ती सभेत अवश्य वाचावी. येशू घरी आलेला आहे, मरिया त्याच्या पायांशी बसून ऐकते आहे आणि मार्था एकटी राबते आहे. ती कंटाळून येशूलाच विचारते की, बहिणीने मला एकटीला कामात टाकले, याचे तुम्हाला काहीच नाही का? तिच्या प्रश्नात ‘मेलेइ’ आहे. येशूच्या उत्तरात ‘मेरिम्ना’चे क्रियापद आहे: ‘मार्था, मार्था, तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी व दगदग करतेस.’ चुलीपाशी घामाघूम झालेल्या बाईच्या तोंडचा ‘तुम्हाला माझी पडलेली नाही का’ हा प्रश्न किती खरा आहे, हे पाहुण्यांच्या पंगती वाढणाऱ्या कोणत्याही बाईला सांगावे लागत नाही. वादळात होडी बुडू लागली तेव्हा शिष्यांनीही निजलेल्या येशूला ‘मेलेइ’ याच क्रियापदाने जागे केले (मार्क ४:३८). पेत्राच्या पत्रातले वचन या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणून वाचले की त्याचा जोर कळतो: होय, त्याला तुमची पडलेली आहे, म्हणून तुमचा घोर त्याच्यावर टाका.

‘चिंता टाकणे’ हा प्रयोग रोजच्या मराठीत नाही. आपण चिंता सोडतो, मिटवतो किंवा वाहतो. पण हे वचन स्तोत्र ५५:२२ वर उभे आहे, आणि तिथे मराठीत ‘तू आपला भार परमेश्वरावर टाक’ असे आहे. ‘देवावर भार टाकणे’ मात्र आपल्या बोलण्यात जुने आहे. ‘टाका’साठी पेत्राच्या पत्रात आलेले ग्रीक क्रियापद नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी भेटते, लूक १९:३५ मध्ये, जिथे शिष्य आपली वस्त्रे शिंगरावर टाकतात. अंगावरचे काढून दुसऱ्याच्या पाठीवर ठेवणे, असा तो सरळ शारीरिक शब्द आहे. चिंता मनातून नाहीशी करा, असे पेत्र सांगत नाही. ती असणारच हे धरून चालतो आणि ठेवायची कुठे एवढे सांगतो.

आता पापाचा प्रश्न. मत्तय ६:२५ मध्ये येशूचे शब्द मराठीत ‘चिंता करत बसू नका’ असे आले आहेत, आणि त्यातले ‘बसू’ हे साहाय्यक क्रियापद फार मोलाचे आहे. ‘रडू नको’ आणि ‘रडत बसू नको’ यांत फरक आहे: दुसऱ्यात रडू आले याचा राग नाही, त्यातच अडकून राहू नये एवढेच सांगणे आहे. ग्रीक क्रियापदाचे रूपही तिथे चालू राहणाऱ्या क्रियेचेच आहे. फिलिप्पैकरांस पत्रात (४:६) ‘चिंताक्रांत होऊ नका’ असे आहे. ‘आक्रांत’ म्हणजे ग्रासलेला, पुरता ताब्यात गेलेला. गंमत नव्हे, तर मोठ्या दिलाशाची गोष्ट अशी की, याच पत्रात (२:२०) ते लिहिणारा पौल आपला सहकारी तीमथ्य याची वाखाणणी करताना, तो तुमची मनापासून काळजी करील, असे म्हणतो आणि तेव्हा हेच ग्रीक क्रियापद वापरतो. जे क्रियापद एका अध्यायात नको म्हणून सांगितले, तेच दुसऱ्या अध्यायात गुण म्हणून आले आहे. लेकराच्या तापाने किंवा न विकलेल्या कापसाने जीव कासावीस होणे हे पाप, असा अर्थ या वचनांतून निघत नाही. स्तोत्र ९४:१९ चा कवीही मन अनेक चिंतांनी भरून गेल्याचे उघड सांगतो आणि त्याच ओळीत देवाच्या सांत्वनाविषयी बोलतो.

फिलिप्पैकरांस ४:७ मध्ये देवाची शांती तुमची अंतःकरणे ‘राखील’ असे आहे, आणि हा शब्द खेड्यातल्या श्रोत्यांपर्यंत शहरातल्यापेक्षा लवकर पोहोचतो असे मला वाटते. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) पिकात शिरू नयेत म्हणून रात्री शेताची राखण करावी लागते. राखणदार असला म्हणून डुकरे जंगलातून नाहीशी होत नाहीत, पण शेत त्यांच्या हाती लागत नाही. ग्रीक शब्दही पहारा ठेवण्याचाच आहे. दमास्कस नगरावर ठेवलेल्या पहाऱ्यासाठी पौलाने तोच वापरला आहे (२ करिंथ ११:३२). फिलिप्पैच्या मंडळीला हे लिहिताना पौल स्वतः बंदिवासात होता.

एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. झोप उडणे, छाती धडधडणे, जेवण न जाणे हे आठवडेच्या आठवडे चालले, तर त्याला वैद्यकीय मराठीत ‘चिंताविकार’ म्हणतात, आणि त्यावर औषध घेणे म्हणजे विश्वासात कमी पडणे नव्हे. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. हा क्रमांक सभेत वाचून दाखवावा, अशी माझी ताईंना विनंती आहे.

राहिला ‘कायजी’चा प्रश्न. नागपुरात मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली आले तेव्हापासून विदर्भातल्या ख्रिस्ती मंडळ्या वचन प्रमाण मराठीत ऐकत आल्या आहेत आणि घरी वऱ्हाडी बोलत आल्या आहेत. समजावताना बोलीत यावे यात गैर काहीच नाही. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले, १९२४ साली प्रसिद्ध झालेले बायबलचे भाषांतरही साध्या बायाबापड्यांना कळावे याच तळमळीतून झाले होते. वाचताना छापील शब्द तसेच ठेवावेत. सांगताना मात्र दोन्हीकडे ‘कायजी’ ठेवले तर ‘आपली कायजी त्याच्यावर टाका, कारन थो तुमची कायजी घेते’ असे होईल, आणि माझी कायजी त्याच्यावर टाकली म्हणजे माझीच कायजी त्याने घेतली, इतकेच ऐकणाऱ्याला वाटेल. जपण्याचा अर्थ हरवेल. म्हणून पहिल्या ठिकाणी ‘फिकीर’ घ्यावा असे मी सुचवतो: ‘आपली समदी फिकीर त्याच्यावर टाका, कारन थो तुमची कायजी घेते.’ ‘टेन्शन’ हा शब्द तरुण पोरांना जवळचा असला तरी इथे टाळावा, कारण टेन्शन आपण ‘घेतो’ आणि काळजीही ‘घेतो’, त्यामुळे जो फरक दाखवायचा आहे तोच पुन्हा पुसला जाईल.